खंडेनवमीचा लॅपटॉप

“आधी हातपाय धू आणि मग लॅपटॉपला हळदीकुंकू वाहा,” पद्मजा म्हणाली.

मी दारातच उभी होते, एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा. आमच्या त्या एवढ्याशा बिऱ्हाडात तिने जेवणाचं टेबल ओढून मधोमध आणलं होतं. त्यावर धुतलेला पंचा अंथरला होता आणि पंच्यावर तिचा तो जाडजूड काळा लॅपटॉप मांडला होता. शेजारी नीट गुंडाळलेला चार्जर, पक्कड, तीन स्क्रू-ड्रायव्हर, मोजपट्टी आणि स्वयंपाकघरातली एकुलती एक धारदार सुरी. सगळ्यांना हळदीकुंकवाची बोटं लागली होती. लॅपटॉपवर पिवळी फुलं होती. ती तळमजल्यावरच्या जर्मन आजीबाईंच्या कुंडीतली. मागून आणलेली बरं का, तोडून नाही. त्या आजीबाईंशी माझं वर्षभरात नमस्काराच्या पुढे गेलं नव्हतं, आणि ही त्यांच्याकडून देवाला फुलं घेऊन आली होती. उदबत्ती तेवढी खिडकीबाहेर खोचली होती, कारण आत जरा धूर झाला की छतावरचा भोंगा बोंबलायचा.

“हे काय मांडलंयस?”

“खंडेनवमी नव्हं का आज! आमच्यात आज सगळं वर्कशॉप बंद. लेथ, ड्रिल, सगळं धुऊनपुसून पूजेला. उद्या दसऱ्याला सकाळी उचलायचं. तोवर कशाला हात लावायचा नाही.”

“लॅपटॉप उघडणारच नाहीस दिवसभर? मेलसुद्धा बघणार नाहीस?”

“मेल काय पळून जातोय होय?” ती हसली. “बस की. तुझा पण आण, दोन्हीची एकदम पूजा करतो.”

ती कोल्हापूरची. तिकडच्या मुली ‘करते’ म्हणत नाहीत, ‘करतो’ म्हणतात. सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं, मग गंमत वाटली, आणि त्या ऑक्टोबरात तर तिचं ‘करतो’ ऐकलं तरी माझ्या कपाळाची शीर उडायची.

“मला काम आहे,” असं म्हणून मी दुसरा बूट काढायला खाली वाकले. माझं तोंड तिला दिसू नये म्हणून जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

कारण मेल आला होता. तासाभरापूर्वी मी तो लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर वाचला होता.

दोन हजार आठ सालची गोष्ट ही. जर्मनीत केम्निट्झ नावाच्या शहरात आम्ही दोघी यंत्रांच्या शिक्षणासाठी गेलो होतो. मी नाशिकहून, ती कोल्हापूरहून. तेव्हा मेल खिशात येत नसत. लॅपटॉप उघडला तर मेल, नाही उघडला तर नाही. आमचे प्राध्यापक लिंडनर यांच्या प्रयोगशाळेत एकच जागा निघाली होती. ती मिळाली की पुढची चार वर्षं संशोधन, नाही मिळाली की मार्चमध्ये शिक्षण संपवून सामान बांधायचं आणि घरी जायचं. शेवटच्या फेरीत आम्ही दोघीच उरलो होतो. पातळ पत्र्याचा भाग मशीनवर थरथरू न देता धरून ठेवेल अशा पकडीची रचना करायची होती. चित्रं आणि चार पानी टिपण, गुरुवारी दुपारी बारापर्यंत. गुरुवारी दसरा होता.

आणि बुधवारी सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी लिंडनरसरांनी आम्हा दोघींना कळवलं होतं की, त्यांना उद्या पहाटेच प्रवासाला निघावं लागतंय, तरी काम आज संध्याकाळी सहापर्यंत पाठवा. सहानंतर आलेलं पाहिलं जाणार नाही. लिंडनरसर सहा म्हणाले म्हणजे सहा. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून त्यांनी एका पोराला परीक्षेच्या दारातून परत पाठवलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

ट्राममधून येताना मी ठरवलं होतं की घरी गेल्या गेल्या पद्मजाला सांगायचं. देवाशपथ ठरवलं होतं. पण दार उघडलं तर समोर ही पूजा. मी नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी सगळं खंडेनवमी करणार होती.

मला ती जागा हवी होती. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. पद्मजाला न मिळता मला मिळायला हवी होती.

तिने माझं वाईट काहीच केलं नव्हतं, हेच तर माझं दुखणं होतं. बारावीला मी बोर्डात आलेली. जर्मन भाषेच्या दोन परीक्षा देऊन आलेली. आणि तरी दुकानात, ऑफिसात, ट्राममध्ये मी वाक्य जुळवत उभी राहायचे तोवर ही बया तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये, हातवारे करत काम उरकून, वर समोरच्याला हसवून मोकळी व्हायची. लिंडनरसर मला ‘छान’ म्हणायचे. तिच्या टेबलापाशी मात्र खुर्ची ओढून बसायचे. “तुमच्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये हे कसं करतात?” असं विचारायचे. माझे वडील बँकेत होते, त्यांच्याकडे कसं करतात हे कोण विचारणार? आणि रविवारी नाशिकहून फोन आला की आई पहिलं वाक्य टाकायची, “काय म्हणते पद्मजा? गुणाची पोर आहे हो!” मी म्हणायचे, हो, बरी आहे. आणि विषय बदलायचे.

लॅपटॉपचंच घ्या. दोघींचे लॅपटॉप घरून आणलेले. माझा बाबांनी आठ दुकानं पालथी घालून घेतलेला, चंदेरी, सडपातळ, तीन वर्षांच्या वॉरंटीचा. तिचा कोल्हापुरात कुणीतरी वापरून विकलेला, विटेएवढा जड. पहिल्याच आठवड्यात दोघींचं एकच रडगाणं झालं: आपली तीन पिनांची वायर तिकडच्या भिंतीत जाईना. मी विमानतळावरून आणलेलं जोडखोबणं, म्हणजे अडॅप्टर, लावलं. ते ढिलं होतं, वायर जरा हलली की चार्जिंग बंद. पद्मजाने काय केलं? पक्कड घेतली, आपल्याकडची पिन कचकन तोडली आणि तिकडची पिन बसवून टाकली. दहा मिनिटांत.

“दे तुझी पण. बदलून देतो,” ती म्हणाली होती.

“नको. वॉरंटी जाईल.”

“वॉरंटी भारतातली आहे की गं. इथं कोण विचारतोय तिला?”

खरं तर होतं ते. लॅपटॉप तापतो म्हणून मी इथल्या सेवा केंद्रात गेले होते तेव्हा त्या माणसाने कागद उलटून पाहिला आणि गोड हसून म्हणाला, तुम्ही भारतात जाल तेव्हा दुरुस्त करून घ्या. पण पद्मजाकडून पिन बसवून घ्यायची म्हणजे तिचे आणखी एक उपकार. नकोच ते. वर्षभर मी त्या ढिल्या खोबण्याखाली पुस्तकाचा टेकू लावून काम केलं, पण तिला हात लावू दिला नाही.

तर त्या बुधवारी मी माझ्या पलंगावर लॅपटॉप घेऊन बसले. टिपण झालं होतं. चित्रांतलं एक राहिलं होतं. पलीकडे स्वयंपाकघरात पद्मजा गुणगुणत कणीक मळत होती. तिचं काम किती झालंय हे मला माहीत नव्हतं. सोमवारी म्हणाली होती, “एक आकृती राहिलीय अजून.” त्यानंतर मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर आजच्या मुदतीचंही बोलावं लागलं असतं.

साडेतीनला भिंतीपाशी चर्र झालं. खोबण्यातून निळी ठिणगी उडाली, चार्जरच्या डबीतून जळका वास आला आणि पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह आलं. बॅटरी केव्हाच म्हातारी झालेली. मी धडपडत सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, आणि तेवढ्यात पडदा काळा झाला.

“काय जळालं गं?” पद्मजा पिठाच्या हातांनी धावत आली. चार्जर हातात घेऊन तिने हुंगला. “गेला हा. आतून उडालाय.”

“तुझा लागेल का याला?”

“कसा लागणार? कंपनी वेगळी, पिन वेगळी.”

युनिव्हर्सिटीतल्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर सगळं जर्मनमध्ये, आणि नव्या आवृत्तीचं; त्यात आमची फाइल उघडली की चित्राचे तुकडे तुकडे व्हायचे. घरून आणलेलं जुनं इंग्रजी सॉफ्टवेअर अख्ख्या केम्निट्झमध्ये दोनच लॅपटॉपवर होतं. एक माझ्या मांडीवर मरून पडला होता. दुसरा फुलं डोक्यावर घेऊन टेबलावर बसला होता.

मी रडायला लागले. नाटक नव्हतं ते, खरंच रडू फुटलं.

“अगं, रडतीस काय? उद्या दुपारी बारापर्यंत वेळ आहे की,” पद्मजा म्हणाली. “उद्या सकाळी आठला मी लॅपटॉप उचलतो. बस की त्यावर. तुझं करून घे.”

तेव्हा सांगता आलं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. मी म्हणाले, “मला आजच संपवायचंय गं. उद्यापर्यंत ठेवलं तर मला झोप लागणार नाही. माझा स्वभाव माहितीय ना तुला?”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं. हात धुतले, पुसले. मग फोनचं कार्ड घेऊन तिने कोल्हापूरला फोन लावला.

“बाबा, पूजा झाली का? ... होय, मी पण मांडलीय. ... बाबा, एक विचारायचं होतं. संज्योतचा लॅपटॉप बंद पडलाय. तिचं काम अडलंय. माझा पूजेतला उचलून देऊ का?”

पलीकडचा आवाज मोठा होता, मला इथपर्यंत ऐकू आला. “विचारतीस काय? उचल की! अडल्यानडल्याला हत्यार दिलं तर देवी रागावत नाही. नमस्कार कर आणि दे. आणि तिला म्हणावं, रडू नको.”

पद्मजाने फुलं काढून बशीत ठेवली, लॅपटॉपला हात लावून कपाळाला लावला आणि तो उचलून माझ्यासमोर आणून ठेवला. झाकणावरचं कुंकू तसंच होतं. “घे. आणि बाबा म्हणालेत, रडू नको,” ती म्हणाली आणि कणकेकडे गेली.

मला लाज वाटली नाही का? वाटली. पण लाजेपेक्षा घड्याळ मोठं होतं. चार वाजत आले होते.

मी पेनड्राइव्हवरचं सगळं तिच्या लॅपटॉपवर उतरवलं आणि दीड तास मान वर केली नाही. आणि त्या दीड तासातही मनात काय यावं? हा खटारा माझ्या चंदेरी लॅपटॉपपेक्षा झरझर चालतोय. माझ्या लॅपटॉपवर चित्र फिरवायला पाच मिनिटं लागायची, इथे बोट हलवलं की फिरत होतं. म्हणजे हेही हिचंच चांगलं! पुरणाचा वास येत होता. जर्मनीत पुरण हिला जमत होतं. मी साधा वरणभात लावला तरी शिट्या मोजताना गोंधळ व्हायचा. लागोपाठ एकेक गोष्ट आठवत होती आणि मी दात ओठ खाऊन रेघा मारत होते.

पाच पस्तीसला चित्र पूर्ण झालं. पाठवण्यासाठी मी मेल उघडला, आणि समोर आला तो तिचा मेल. तिने तो बंदच केला नव्हता. सगळ्यात वरती ठळक अक्षरांत, न वाचलेला, लिंडनरसरांचा निरोप. विषय: मुदतीत बदल.

मी मागे वळून पाहिलं. पद्मजा ओट्यापाशी पाठमोरी उभी होती आणि पोळी उलटत होती. दोन पावलांचं अंतर. “पद्मा, हे बघ” एवढे तीन शब्द. पंचवीस मिनिटं होती. तिची एक आकृती पंचवीस मिनिटांत झाली असती का? तिचा हात बघता झालीही असती.

मी तिचा मेल बंद केला, माझा उघडला आणि पाच वाजून एकेचाळीस मिनिटांनी माझं काम पाठवून दिलं. पोचल्याचा निरोप लगेच आला. मग माझा मेल बंद करून ते पानही मिटलं.

“झालं काय?” ती हात पुसत आली.

“झालं.”

“बघ, उगंच रडत होतीस.” तिने खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसली. “सरक जरा. उचललाच आहे तर मी पण एकदा मेल बघून घेतो. आत्याने फोटो पाठवणार म्हटलं होतं.”

भिंतीवर पावणेसहा झाले होते.

मी लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला. कुंकू माझ्या तळव्याला लागलं. “अगं नको,” मी म्हणाले. “माझ्यामुळे तुझा नियम आधीच मोडला. तो माझ्यापुरता मोडला, अडल्यावेळी. तू कशाला मोडतेस? परत पूजेत ठेव बघू. फोटो काय, उद्या सकाळी बघशील.”

किती गोड बोलले मी! आईसुद्धा माझ्यावर खूश झाली असती.

पद्मजाचं तोंड उजळलं. “तेही खरंच की,” ती म्हणाली. “तुला या सगळ्याचं हसू येत असेल असं मला वाटायचं.” तिने लॅपटॉप पुन्हा पंच्यावर ठेवला, पुसलं गेलेलं कुंकू नव्याने लावलं आणि फुलं वाहिली. मग मला पुरणपोळी वाढली. दोन खाल्ल्या मी. तिसरीचा आग्रह केला, तीही खाल्ली. सहा वाजले, सव्वासहा वाजले. ती तिच्या लहानपणच्या दसऱ्याच्या गोष्टी सांगत होती आणि मी हुंकार देत होते.

रात्री मला छान झोप लागली, हेही सांगून टाकते.

सकाळी आठला तिने घंटा वाजवली, आरती म्हटली, पूजा हलवली. मी चहाचं आधण ठेवलं होतं. माझी पाठ तिच्याकडे होती, पण कान नुसते टवकारलेले. लॅपटॉप सुरू झाल्याचा आवाज आला. मग कळ दाबल्याचा.

“अगं बाई! सरांनी मुदत बदलली होती की! काल सहालाच संपली!”

मी वळले. हातात चहाची डबी तशीच. “काय सांगतेस!” मी म्हणाले. आणि मग, जेवढी काळजी आवाजात घालता येईल तेवढी घालून, “मग आता गं तुझं?”

“माझं काय? माझं गेलंय की मंगळवारीच.”

“मंगळवारी?”

“अष्टमीला. आमच्यात खंडेनवमीच्या आधी सगळा माल पोचता करायचा असतो. अर्धं काम मशीनवर तसंच ठेवून पूजा करीत नाहीत. बाबा तर अष्टमीला जेवायलासुद्धा घरी येत नाहीत, ऑर्डर संपेपर्यंत.” ती हसत होती. “बरं झालं बाई. नाहीतर बसलो असतो बोंबलत. आणि तुझं पण बरं झालं, काल हट्टाने...”

तिथे ती थांबली. पडद्याकडे पाहिलं. मेलची वेळ तिथे लिहिलेली होती, बुधवार, दहा पन्नास. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

“काल सकाळी लायब्ररीत होतीस नव्हं तू?”

मी डबीचं झाकण उघडायला लागले.

“म्हणून घाई होती तुला.” ती मला विचारत नव्हती, स्वतःशीच जुळवत होती. “मग मी मेल बघू काय म्हटलं, तेव्हा...”

आधण उकळून खळखळत होतं. मला म्हणता आलं असतं की चुकले, माफ कर. त्याऐवजी माझ्या तोंडून काय निघावं? “पण तुझं तर गेलं होतं ना! नुकसान कुठे झालं तुझं?”

“ते तुला कुठं ठाऊक होतं?” पद्मजा म्हणाली.

आवाज चढवला नाही तिने. लॅपटॉप मिटला, अंघोळीला गेली. संध्याकाळी दसऱ्याचं सोनं म्हणून बागेतली पिवळी पानं घेऊन ती सगळ्या मजल्यांवर हिंडली. तळमजल्यावरच्या आजीबाईंना दिलं, शेजारच्या तुर्की पोरांना दिलं, जिना झाडणाऱ्या माणसालाही दिलं आणि ‘सोन्यासारखं राहा’ याचं जर्मन करून सांगितलं. मी दारात उभी होते. माझ्यापाशी आली तेव्हा तिचे हात रिकामे होते.

त्यानंतरचे पाच दिवस ती माझ्याशी नीट बोलली. फार नीट. “दूध संपलं आहे, मी आणते,” असं पुस्तकातल्यासारखं. मला तिचं ते ‘आणते’ कानात खुपायचं.

मंगळवारी लिंडनरसरांनी आम्हा दोघींना बोलावलं. दोघींची कामं टेबलावर ठेवलेली होती. सर म्हणाले, “दोन्ही वेळेत आली, दोन्ही उत्तम आहेत.” मग पद्मजाकडे वळून, “तुमची पकड मी उद्या बनवायला टाकू शकतो, इतकी ती पक्की आहे. पण मला इथे संशोधन हवंय.” आणि माझ्याकडे वळून, “तुम्ही पकड कुठे अपुरी पडेल आणि का, यावर दोन पानं लिहिलीत. तो प्रश्न मला सुचला नव्हता. जागा तुमची.”

वर्षभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते असं दोन वाक्यांत मिळालं. सर उभे राहिले, हात पुढे केला. मी हात मिळवला. बाजूला पद्मजा टाळ्या वाजवत होती.

बाहेर आलो. लांबच लांब बोळ, आमच्या दोघींच्या बुटांचे आवाज. जिन्यापाशी आल्यावर मी म्हटलं, “पद्मा, मला बोलायचंय.”

“आधी अभिनंदन घे,” ती म्हणाली. “चांगलं केलं होतंस तू. मी वाचलंय.”

“कधी?”

“तुझी फाइल माझ्याच लॅपटॉपवर राहिली होती. दसऱ्याच्या दिवशी वाचली. रागाने उघडली होती खरं, म्हणलं बघू तरी, कशापायी एवढं केलं हिने. ती शेवटची दोन पानं वाचली आणि तेव्हाच कळलं मला. बाबांना पण सांगितलं फोनवर, ही जागा संज्योतला मिळणार म्हणून.”

ती माझ्याकडे सरळ बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“सांगितलं असतंस तरी तुलाच मिळाली असती की गं,” पद्मजा म्हणाली.

तिने पिशवी खांद्यावर घेतली आणि जिना उतरायला लागली. खालून कुणीतरी वर येत होतं, त्याला तिने हसून वाट दिली, काहीतरी बोलली, तोही हसला. महिनाअखेर तिने दुसरीकडे खोली घेतली आणि मार्चमध्ये ती कोल्हापूरला परत गेली. मी त्याच शहरात आहे, त्याच प्रयोगशाळेत, सोळा वर्षं झाली. पण त्या दिवशी मी जिन्याच्या कठड्याला धरून वरून बघत होते. जागा माझी झाली होती, सरळ लढून झाली होती, आणि खाली उतरणाऱ्या त्या पोरीकडे बघताना मला तेव्हासुद्धा तिचाच हेवा वाटत होता.